पंचाहत्तर टक्के आणि पिवळी पिशवी

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, ही बातमी महाराष्ट्रात इतकी खोल मुरली आहे की ती आता बातमी उरलेली नाही, स्थळाच्या बायोडेटातली एक ओळ झाली आहे. ‘मुलगा आखेनला असतो’ म्हटलं की समोरच्या सोफ्यावरून ‘म्हणजे फी नाही ना?’ असा प्रश्न यायलाच हवा. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकून पहिला नंबर लावला आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ४९ हजारांच्या वर गेला. या फुकटाला थोडी बारीक अक्षरं आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४पासून मास्टर्सला सत्राला चार ते सहा हजार युरो लावले. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातले ९९२ दर महिन्याला आपले आपल्यालाच मिळतात. पूर्वी आजी डब्यात ठेवलेले पैसे नातवाला मोजून द्यायची, तेच काम आता बँक करते. पण खरी फी ही नव्हेच. तिथल्या विद्यापीठांनी आणि वसतिगृहांनी मिळून एक अजब वाटणी करून ठेवली आहे. विद्यार्थ्याच्या बुद्धीवर ते डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि त्याच्या कचऱ्यावर काडीचाही ठेवत नाहीत. महाराष्ट्रातून गेलेल्या मुलामुलींची जी तारांबळ उडते ती हवामानाने किंवा भाषेने तितकी उडत नाही, जितकी या वाटणीने उडते. कारण आपल्याकडे ही वाटणी नेमकी उलटी आहे.

आपल्या बाजूचं आधी पाहू. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्याची बुद्धी ही जप्त केलेल्या मालासारखी सांभाळली जाते. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. ती नसली की नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते, पालकांना बोलावणं जातं, आणि वीस वर्षांच्या, मतदान केलेल्या, लायसन्सवर गाडी चालवणाऱ्या नागरिकाला वडिलांच्या सहीचं अंडरटेकिंग आणावं लागतं. मग सबमिशन. प्रत्येक प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायचं, अनुक्रमणिकेत तारीख टाकायची, प्रत्येक ओळीपुढे सरांची सही घ्यायची आणि शेवटी ते जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं, म्हणजे या मुलाने हे हाताने लिहिलं आहे अशी सरकारदरबारी नोंद झाली. या नोंदीमुळे एका मुलीने मन लावून लिहिलेली असाइनमेंट साठ जण छापतात आणि ड्रॉइंगची शीट काचेखाली बल्ब लावून जीटी मारली जाते, हा भाग वेगळा. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. अभ्यासक्रमात नसलेलं पण पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलेलं हे एकमेव कौशल्य असावं. विद्यार्थ्यावर इतका पहारा ठेवला की तोही चोरवाटा शोधण्यात तितकाच वाकबगार होतो, हे तुरुंगाधिकाऱ्यांना कळतं, प्राचार्यांना कळत नाही. आणि हाच विद्यार्थी होस्टेलच्या खोलीत चहाचा कप तीन आठवडे बुरशी येईपर्यंत ठेवतो, केळ्याची साल, वेफर्सचं पाकीट, जुनी बॅटरी आणि फुटलेली ट्यूबलाइट एकाच बादलीत टाकतो, तेव्हा त्याला विचारणारं कुणी नसतं. त्या बाबतीत तो पूर्ण स्वतंत्र आहे.

आता तोच विद्यार्थी जर्मनीत वर्गात शिरतो. वेळापत्रकावर दहा वाजता तास असं लिहिलेलं असतं आणि पुढे ‘सी. टी.’ अशी दोन अक्षरं असतात. लॅटिनमधली ही खूण सांगते की तास सव्वादहाला सुरू होईल. जर्मनांच्या वक्तशीरपणाची ख्याती ऐकून धापा टाकत आलेला मुलगा रिकाम्या हॉलमध्ये पंधरा मिनिटं बसतो. ‘अकॅडेमिक पावतास’ हा जर्मनीचा एकमेव अधिकृत उशीर आहे. तास संपतो तेव्हा टाळ्यांऐवजी सगळे मुठींनी बाकं ठोकतात. आपल्याकडे बाकं वाजली तर प्राध्यापक पाठ वळवून ‘कोण आहे रे तो?’ विचारतात, इथे ते मान लववून आभार मानतात. आणि हजेरी कुणी घेतच नाही. मस्टर नाही, प्रॉक्सी नाही, रोल नंबर नाही. बऱ्याचशा व्याख्यानांना तुम्ही सत्रभर गेला नाहीत तरी कुणाच्या भुवईचा केस हलत नाही. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने तर २०१४च्या कायद्यात बहुतेक तासांना हजेरी सक्तीची करायलाच मनाई केली होती. २०१९मध्ये तो मुद्दा पुन्हा विद्यापीठांवर सोपवला. युनिट टेस्ट नाही, टर्मवर्क नाही. सत्राच्या शेवटी दीड-दोन तासांचा एक पेपर, आणि त्या पेपरला बसायचं की नाही हेसुद्धा तुम्हीच ठरवायचं. नाव नोंदवायचं, तयारी नसेल तर मुदतीत काढून घ्यायचं. कुणी कारण विचारत नाही. पेपर तपासल्यावर ठरलेल्या दिवशी जाऊन आपली उत्तरपत्रिका उघडून पाहायची आणि गुण का कापले ते विचारायचं. आपल्याकडे याच सुखासाठी फोटोकॉपीचा अर्ज करून शुल्क भरावं लागतं. मुलाचे मार्क कळावेत म्हणून एखाद्या वडिलांनी कोल्हापूरहून विद्यापीठाला ईमेल केलाच, तर उत्तरात माहितीच्या गोपनीयतेचा कायदा येतो. मुलगा सज्ञान आहे, त्याचे मार्क त्याचे. डेक्कनच्या चौकात हा कायदा लागू झाला तर किती घरांत दिवाळी साजरी होईल आणि किती घरांत सुतक पडेल, याचा अंदाज बांधणं कठीण नाही.

या फरकाचं कारण जर्मन लोकांचा मोठेपणा आणि आपला कद्रूपणा, असं सांगणारे बरेच भेटतात. ते दोन्ही बाजूंनी चूक आहे. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते शिकवत नव्हतं. शिकवायचं संलग्न कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणजे प्रश्न काढणारा एक, शिकवणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही. ज्याने मुलाला कधी पाहिलेलंच नाही त्याला पुरावा लागणारच. मुलगा टर्म भरून आला आहे, वर्गात बसला होता, प्रयोग त्याने केला आहे, हे सगळं कागदावर हवं. आपली ७५ टक्के हजेरी आणि सर्टिफाइड जर्नल ही या अनोळखीपणाची मुलं आहेत. त्यात ‘एक्स्टर्नल’ नावाचा प्राणी व्हायवाला येतो, त्याचा पाहुणचार कसा झाला यावर मुलांचे मार्क अवलंबून असतात, आणि मग अख्खं डिपार्टमेंट आदल्या रात्री कांदेपोह्यांच्या चिंतेत असतं. उलट विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या खटपटीने १८१०मध्ये बर्लिनला जे विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या मुळाशी शिकवण्याचं स्वातंत्र्य आणि शिकण्याचं स्वातंत्र्य अशी जोडगोळी होती. तिथे आजही ज्याने विषय शिकवला तोच पेपर काढतो आणि तोच तपासतो. त्याला तुमच्या हजेरीचा कागद कशाला हवा? पेपरात आपोआप कळतंच की कोण काय करत होता. इरावती कर्वे याच बर्लिनला जाऊन १९३०मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध आहे का, हे बाईंनी मोजमापं घेऊन तपासलं आणि नाही, असं लिहून दिलं. पदवी मिळाली. आपल्याकडे गाइडच्या मताविरुद्ध प्रबंध लिहिणाऱ्याची पदवी राहू दे, दुपारचा चहा तरी चालू राहील का? अर्थात पुढच्या तीनच वर्षांत त्या देशाने या स्वातंत्र्याची चौकाचौकांत पुस्तकं जाळून होळी केली, हेही त्याच शहरात घडलं. तेव्हा हुम्बोल्टचं नाव घेताना फार सोवळं नेसायचं कारण नाही.

बुद्धीचं असं मोकाट रान. आता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात या. इथे पंचाहत्तर टक्क्यांनी भागत नाही, शंभर लागतात. कागद निळ्या डब्यात, ओला कचरा तपकिरी डब्यात, वेष्टनं पिवळ्या पिशवीत, उरलेलं काळ्या डब्यात. इथपर्यंत आपला मुलगा खूश असतो. ओला-सुका त्याने पुण्यातही ऐकलेला असतो. गाडी अडते ती पोटकलमांवर. प्लास्टिकची फुटकी बादली बहुतेक गावांत पिवळ्या पिशवीत चालत नाही, कारण पिवळी पिशवी प्लास्टिकसाठी नाही, वेष्टनासाठी आहे. जन्माने प्लास्टिक असून भागत नाही, कर्माने वेष्टन असावं लागतं. दह्याच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण डब्यापासून पूर्ण वेगळं करून टाकायचं, दोघं एकमेकांना चिकटून गेले तर मशीनला त्यांची जात कळत नाही. पिझ्झाचं खोकं कागदाचं, पण त्याला तेल लागलं की ते कागदातून बहिष्कृत होऊन काळ्या डब्यात जातं. दुकानाची पावती कागदासारखी दिसते, पण ती कागद नव्हे, तिच्यावर रसायन असतं. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी. निळी बाटली असेल तर? ती हिरव्यात. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, निळ्याचं मत घेतलं का, असे प्रश्न विचारायचे नसतात. पाणी प्यायचा ग्लास फुटला तर तो काचेच्या पेटीत टाकायचा नाही, कारण त्या काचेचा वितळबिंदू वेगळा. आणि बाटल्या टाकायच्या त्या वार-वेळेनुसार. रविवारी आणि रात्री काच पेटीत पडल्याचा आवाज शेजाऱ्यांना झाला की पेटीवर लिहिलेली सूचना तुम्हाला वाचून दाखवली जाते. ज्या मुलाने फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर पहिल्या फटक्यात काढला, तो नारळाची करवंटी हातात घेऊन चार डब्यांसमोर मुंजीतल्या बटूसारखा उभा राहतो. एका डब्यात चुकीचा जिन्नस दिसला तर कचरागाडीवाले अख्खा डबा तसाच सोडून जातात आणि मग सबंध इमारतीला नोटीस लागते. नोटीस बोर्ड तिथेही आहेच. फक्त डिफॉल्टर लिस्ट कचऱ्याची लागते.

बाटल्यांमध्ये मात्र माया आहे. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ‘फांड’ म्हणतात तिला. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनला भरवली की ती पावती देते. आपल्या रद्दीवाल्याशी तासभर घासाघीस करूनही जो दर मिळत नाही तो मशीन न बोलता देतं, आणि एका बाटलीला वीस-पंचवीस रुपये हा हिशेब मराठी मनाला फार भिडतो. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजण्याची जी खोड असते ती सगळ्यात उत्साहाने इथेच कामाला येते. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, एकाच बटाट्याचे विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणा असे तीन दर असतात. त्यातला पहिला दर आपल्याला लागू आहे याचं समाधान त्या बटाट्याच्या चवीपेक्षा जास्त टिकतं. जेवण झालं की ताट उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं. टेबलावर ताट ठेवून उठलेला माणूस मेन्झात लगेच ओळखू येतो, आणि तो कुठल्या खंडातून आला आहे हेही.

चार-पाच जणांच्या सामायिक घराला तिथे ‘वेगे’ म्हणतात. वेगेची राज्यघटना म्हणजे फ्रिजवर लावलेला ‘पुट्सप्लान’, सफाईचा तक्ता. कुणी कोणत्या आठवड्यात संडास घासायचा, कुणी ओटा पुसायचा, हे चौकोनांत लिहिलेलं असतं आणि काम झालं की समोर सही करायची. आपल्याकडे सही करणारे सर असतात. इथे बरोबरीची, कदाचित फ्रायबुर्गहून आलेली, चष्मेवाली मुलगी असते आणि ती सह्या तपासते. श्वाबेन भागात तर सफाईच्या आठवड्याला ‘केरवोखं’ असं खास नाव आहे आणि ज्याची पाळी आहे त्याच्या दारावर पाटी टांगली जाते. त्या प्रांताची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. बहिणी-बहिणींत इतका फरक फक्त हिंदी सिनेमात बघायला मिळतो. रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर शांतता. रविवारी दुकानं बंद; त्या दिवसाच्या विश्रांतीला चक्क राज्यघटनेत संरक्षण आहे. शनिवारी संध्याकाळी कांदे संपल्याचं ज्याच्या लक्षात आलं नाही त्याने सोमवारपर्यंत कांद्याशिवाय जगून दाखवायचं. मिक्सर रविवारी लावायचा नाही. आणि फोडणी? जर्मनीत घराघरांत धूर ओळखणारी यंत्रं सक्तीची आहेत. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची जळली की काही वसतिगृहांत थेट अग्निशमन दल निघतं, आणि खोटी वर्दी ठरली तर त्याचं बिलही येऊ शकतं. वर्गात प्राध्यापकांच्या सिद्धांतावर आक्षेप घेता येतो. छतावरच्या त्या पांढऱ्या बशीवर घेता येत नाही.

इथे पहिली हरकत येते. कचऱ्यावर लक्ष ठेवणं हा अविश्वास कशाला म्हणायचा, ती शिस्त आहे, आणि आपल्याकडे ती नाही म्हणून तर ही अवस्था. हरकत अर्धी खरी आहे. जर्मनीने १९९१मध्ये वेष्टनांचा नियम केला आणि ज्याने वेष्टन बाजारात आणलं त्यानेच त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च सोसायचा असं ठरवलं. पिवळी पिशवी त्यातून आली. कारखानदाराने पैसे द्यायचे, घरमालकाने डबे ठेवायचे, राहणाऱ्याने वेगळं करायचं. सगळ्यांच्या मानेवर जू. आपल्याकडे विद्यार्थ्याला कचऱ्याबाबत जो मोकळेपणा मिळतो तो कुणाच्या उदारपणातून आलेला नाही. त्याच्या बादलीत जे एकत्र झालेलं असतं ते खाली कुणीतरी बाई हाताने वेगळं करते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे; दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बायकांनी केळ्याच्या सालीतून बाटली, बाटलीतून झाकण असं निवडलं म्हणून मुलाला पिवळी पिशवी शिकावी लागली नाही. त्याचा चहाचा कप आई धुते, त्याची खोली मावशी झाडते. म्हणजे ज्या कामाला हाताखाली माणूस आहे, त्या कामावर पहारा लागत नाही. अभ्यासाला असा माणूस नेमता येत नाही, क्लासवाल्यांनी प्रयत्न पुष्कळ केले तरी. म्हणून सगळा पहारा अभ्यासावर. जर्मनीत मजुरी इतकी महाग की विद्यार्थ्याला हाताखाली कुणीच मिळत नाही, म्हणून पहारा संडासाच्या तक्त्यावर. हा काही राष्ट्रीय चारित्र्याचा फरक नव्हे. झाडू कुणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. जर्मन मंडळी बुद्धीवर विश्वास ठेवतात म्हणता, मग आत घेताना इतकी झडती का? २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी एपीएसचा दाखला लागतो, म्हणजे तुमची पदवी खरी आहे का हे दिल्लीतलं कार्यालय तपासतं. मग मार्कांना बव्हेरियन सूत्र लावतात, ज्यात दहापैकी आठ सीजीपीए मिळवलेला मुलगा २.० होतो. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर आणि ५ म्हणजे नापास. ही उतरंड आजीला समजावणं हा एक स्वतंत्र क्रेडिट कोर्स आहे. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं पत्र हवं. नोंदणी झाली की काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. हे सगळं मान्य. पण झडती उंबरठ्यावर आहे. एकदा आत शिरलात की अभ्यासाच्या बाबतीत मागे वळून कुणी पाहत नाही. हीच पद्धत तिथल्या रेल्वेची. भुयारी रेल्वेच्या स्टेशनला फाटक नाही, तिकीट दाखवायची खिडकी नाही, सरळ चढायचं. आणि विनातिकीट सापडलात की ६० युरो. विश्वास टाकायचा, पण त्याची किंमत छापील ठेवायची.

ही छापील किंमत विद्यापीठातही आहे आणि तिसरी हरकत तिथूनच निघते. इतकं मोकळं सोडल्यावर पोरं वाया जातात, त्यापेक्षा आपली पंचाहत्तर टक्केवाली जाळी बरी. जातात, यात शंका नाही. पहिल्या सत्रात हजेरी नाही म्हटल्यावर अंथरुणातून न उठणारा मुलगा, दुसऱ्या सत्रात पार्टटाइम कामाचे तास वाढवणारा मुलगा, तिसऱ्या सत्रात एकाच पेपरला दोनदा नापास झालेला मुलगा, हे तिन्ही बहुधा एकच असतात. आणि बऱ्याच विद्यापीठांत तिसरा प्रयत्न हा शेवटचा असतो. तो गेला की त्या विषयात जर्मनीभर दार बंद. इथे आपली एटीकेटी किती मायाळू आहे ते कळतं. आपल्याकडे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जायचं, पुढच्या वर्षी दोन्हीचे पेपर द्यायचे, मग तिसऱ्या वर्षी तिन्हीचे. आईसारखी ती कधीच हात सोडत नाही. जर्मन पद्धत शिकवणाऱ्या काकांसारखी आहे. तीनदा समजावतात आणि मग शांतपणे पेपर वाचायला लागतात. पण एक विचारावंसं वाटतं. पंचाहत्तर टक्क्यांच्या जाळीत अडकवून बसवलेली मुलं नापास होत नाहीत असं आहे का? केटीच्या याद्या तर हजेरी भरलेल्यांच्याच नावांनी भरलेल्या असतात, कारण न भरलेल्यांना बसूच दिलेलं नसतं. जाळी माणसाला खिडकीतून पडू देत नाही हे खरं, पण जाळीने अभ्यास होत असता तर पोपट पदवीधर झाले असते.

मराठी पोरं या मोकळेपणाला जे उत्तर शोधतात ते खास आपलं आहे. ती तिथे गेल्यावर महिन्याभरात स्वतःभोवती पुन्हा कॉलेज उभं करतात. एक व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, त्यावर जुने पेपर फिरतात, कोणत्या प्राध्यापकांचा विषय ‘स्कोअरिंग’ याची गुप्त यादी तयार होते, कोण लेक्चरला आलं नाही याची चौकशी होते. घरून फोन येतो. जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे तिकडे सकाळचे आठ वाजले की आईचा वरणभाताचा कुकर उतरलेला असतो आणि ती ‘उठलास का?’ विचारायला मोकळी. विद्यापीठाने काढून घेतलेली हजेरी अशी खाजगीरीत्या चालू राहते. हे चूक म्हणवत नाही. हुम्बोल्टने स्वातंत्र्याच्या जोडीला एकांतही सांगितला होता, आणि नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो तेव्हा त्या एकांताचं वजन ग्रंथालयातल्या ठोकळ्यांपेक्षा जास्त होतं. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाचं ग्रंथालय चोवीस तास उघडं असतं. रात्री दोनला तिथे दिवे असतात, हीटर असतो आणि समोरच्या टेबलावर आपल्यासारखाच कुणीतरी जागा असतो. त्या वेळी पुस्तक हा गौण भाग असतो. बाकी गेल्या काही वर्षांत तिथे इंग्रजीत शिकवणारी, ‘इंटरनॅशनल’ शब्द पाटीवर मिरवणारी आणि भरभक्कम फी घेणारी खासगी कॉलेजंही निघाली आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी हजेरी लागते म्हणतात. त्यात नवल ते काय? पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला माल पोचल्याची पावती हवीच असते.

शेवटी पदवी. आईवडिलांनी मनात जो फोटो आधीच चौकटीत बसवलेला असतो, त्यात झगा आहे, चौकोनी टोपी आहे, हवेत उडणाऱ्या टोप्या आहेत. जर्मन विद्यापीठांतून हे झगे १९६०च्या दशकाअखेरच्या विद्यार्थी चळवळीने पळवून लावले. अलीकडे कुठे कुठे हौसेने परतले आहेत, पण बऱ्याच जणांना प्रमाणपत्र परीक्षा कार्यालयाच्या खिडकीतून किंवा टपालाने लिफाफ्यात मिळतं. दोन वर्षं कष्ट करून मिळवलेल्या पदवीकडे बघायला त्या क्षणी पोस्टमनखेरीज कुणी नसतं. समारंभ असतो तो दुसरीकडे. वसतिगृहाची खोली सोडायच्या दिवशी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, हातात छापील तक्ता घेऊन वेळेवर, सव्वादहाला नव्हे, बरोबर दहाला येतात. ते खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवतात. ओव्हनचं दार उघडून आत वाकतात. नळाच्या तोटीवर क्षाराचा पांढरा थर आहे का बघतात, कारण तिथलं पाणी जड. बेसिनचं भोक, फ्रिजचं रबर, पलंगाखालची फरशी, कागदावर एकेका ओळीपुढे खूण. विद्यार्थी बाजूला हात बांधून उभा असतो आणि विचारलं तेवढंच बोलतो. व्हायवाला एक्स्टर्नल आला की कसं उभं राहायचं याचं शिक्षण त्याला महाराष्ट्रातच मिळालेलं असतं. सगळं ठीक असेल तर हाउसमाइस्टर तळाशी सही करतात, जर्नल सर्टिफाय होतं आणि अनामत रक्कम काही आठवड्यांनी खात्यावर येते. ओट्यावर हळदीचा डाग राहिला असेल, आणि तो राहतोच, तर त्याचे पैसे कापून पुढे सोडतात.